आईच्या रकान्यातली रेघ

३ मार्च, सोमवार

जुनी वही भरली. नवी आणली. डाव्या पानावर मि.ची शुगर आणि इन्सुलिन. उजवं पान "काही विशेष" साठी, असं डॉ. बाईंनी सांगितलंय. दोन वर्षं उजवी पानं कोरीच गेली. आजपासून तिथे माझं डोकं.

ऑफिसची सवय, आधी कुटुंबाचा तपशील. मि. म्हणजे मितू, थोरली, नऊ वर्षं, सातव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह. य. म्हणजे यशू, धाकटी, चार वर्षं, ठणठणीत. सं. म्हणजे संजय, लाइनमन, नवरा. मामाजी, म्हणजे सासरे, रिटायर्ड हेडमास्तर. मी, सेतू केंद्र, देवळी. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज भरते. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा. हे कोण वाचणार आहे? कोणी नाही. तरी भरलं.

आज वर्ध्याला दवाखान्यात मि.ची तपासणी. डॉ. बाई म्हणाल्या, एक अभ्यास सुरू आहे. ज्या घरात टाइप वनचं मूल आहे त्या घरातल्या सगळ्यांचं रक्त घ्यायचं, आईबाप, भावंडं. शरीराचा पहारा करणारी जी व्यवस्था असते तिचे जीन्स तपासायचे. मी विचारलं, यशूचं काय होईल ते कळेल? म्हणाल्या, अंदाज येईल. अंदाज हा शब्द मला आवडत नाही. पण दोन वर्षांत याहून बरा शब्द कोणी दिला नाही.

फॉर्म आठ पानी. घरून भरून आणा.

६ मार्च

फॉर्म भरला, दहा मिनिटांत. सं. म्हणाला, "इतक्या लवकर झाला?" अरे, पोटापाण्याचा धंदा आहे माझा.

मुलांचा समुदाय: बौद्ध. पुढे बारीक अक्षरात "पूर्वीची जात". मामाजी मागे उभे राहून वाचत होते, पेपर तपासल्यासारखे.

"ते नाव माह्या बापानं छप्पनमधी टाकून देल्लं. मी नाई उचलत."

"मामाजी, हे सरकारी नाही. रक्ताचं आहे."

"रक्ताच्याच नावानं त इतके दिवस दूर ठेवलं आम्हाले."

कोरं सोडलं.

आईकडचा रकाना: माझं नाव, वय. समुदाय: रेघ मारली. आईकडे कोणाला मधुमेह: नाही. पुढचं पान.

११ मार्च, मंगळवार

चौघांचं रक्त दिलं. य.ने दवाखाना डोक्यावर घेतला. मि.ने तिला बाजूला नेलं, "सुई टोचते ना, तवा पायाचा अंगठा हलवत राह्यजो. मंग समजत नाई." य. अंगठा हलवत बसली, रडतही होती. नर्सला हसू आवरेना. मला मात्र बाहेर जावं लागलं. नऊ वर्षांच्या पोरीला असल्या युक्त्या माहीत असाव्यात?

२४ मार्च, सोमवार

डॉ. बाईंना आज गाठलंच. रिपोर्टला वेळ आहे, पण निदान समजावून तरी सांगा. त्यांनी समजावलं. मला किती समजलं ते इथे लिहून बघते.

अंगात पहारेकरी असतात. घरचं कोण, परकं कोण हे त्यांना दाखवून देणारे काही जीन्स. नाव एचएलए. प्रत्येकाकडे दोन संच, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. काही संच असे की पहारेकऱ्यांची गफलत होण्याची शक्यता जास्त. ते घरच्यांवरच उठतात, इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकतात. मि.चं तेच झालं.

मी: मग तो संच असला की होतंच?

त्या: नाही. असलेल्या बहुतेकांना काही होत नाही.

मी: आणि नसला की होत नाही?

त्या: तसंही म्हणता येत नाही.

सेतूवर असं उत्तर दिलं तर लोक काउंटरवर चढतील.

पुढे आणखी गुंता. युरोपातल्या मुलांची मोजदाद भरपूर झालीय. तिथे धोक्याचे म्हणून संचांचे जे दोन गट ठरले, त्यातला एक आपल्याकडे तेवढा दिसत नाही, दुसरा जास्त दिसतो. आणि तोही इथे वेगळ्याच जोडणीत येतो. शिवाय आपल्याकडे लग्नं जातीतल्या जातीत, पिढ्यान्‌पिढ्या, म्हणून प्रत्येक समाजाचे संच थोडे निराळे राहिलेत. "म्हणून आम्ही समुदाय विचारतो. जात मोजायची हौस नाही आम्हाला."

हे ऐकताना मनात काहीतरी टोचलं. काय ते बसमध्ये आठवेना. देवळी आलं, उतरले, भाजी घेतली, विसरले.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. मि. रॅलीत निळा फेटा बांधून. चौकात बुंदी वाटत होते. तिने द्रोण घेतला, माझ्याकडे आणला, "किती युनिट?" हातावर थोडी बुंदी घेऊन अंदाजे सांगितलं. टोचलं, मग खाल्ली. य.ला मोकळी सोडलेली, तिने दोन द्रोण संपवले.

मी य.कडेच बघत होते. हल्ली तिचं खाणं मी बघतच बसते. लोकांना वाटतं, किती माया.

२२ एप्रिल, मंगळवार

रिपोर्ट. वर ठळक अक्षरात "संशोधनापुरते, उपचारासाठी नाही". खाली चौघांचे नंबर, आगगाडीसारखे लांब. मला कळलं ते इतकंच: दोघी बहिणींचे दोन्ही संच सारखे. शेवटी य.च्या नावापुढे एक ओळ, कॉम्प्युटरने काढलेला अंदाज: कमी.

कमी.

डॉ. बाई गावाला गेलेल्या. कागद प्रणालीने दिला, अभ्यासाचे फॉर्म आणि फोन सांभाळणारी मुलगी. मी तिला विचारलं, दोघींचं सारखं आणि एकीला आजार, तर दुसरीला कमी कसं? ती म्हणाली, ताई, मॅडम आल्या की विचारा. मी म्हटलं, राहू दे. उगाच विचारून "कमी" कशाला घालवा.

घरी सांगितलं. सं. य.ला खांद्यावर घेऊन गच्चीवर गेला. मामाजींनी कागद दोनदा वाचला. रात्री पुरणपोळी केली, सण नसताना. पिठाचं माप घेऊन, मि.साठी.

२५ एप्रिल, शुक्रवार

प्रणालीचा फोन ऑफिसात. समोर अकरा माणसं रांगेत.

"ताई, फॉर्ममध्ये आईच्या समुदायाला रेघ आहे. आम्ही वडिलांचाच धरला. तुम्ही पण बौद्धच ना?"

नाही. मी कारंजा घाडग्याची. कुणबी.

मग डॉ. बाई स्वतः फोनवर आल्या. शांतपणे सांगितलं. दोघींना माझ्याकडून जो संच आला, तो अंदाजासाठी वापरलेल्या सं.च्या समाजाच्या तक्त्यात नाही. तक्त्यात नाही म्हणून कॉम्प्युटरने त्याला काही वजनच दिलं नाही. तो खरंच निरुपद्रवी की धोक्याचा, हे त्यांनाही आज माहीत नाही. तुमच्या माहेरच्या समाजाचे नमुने फार थोडे आहेत. पण आजारी बहिणीचे दोन्ही संच धाकटीत असणं, एवढ्यानेच तिला "कमी" म्हणता येत नाही. "तो कागद बाजूला ठेवा."

काय टोचलं होतं ते आता आठवलं. जातीबाहेरचं लग्न आमचंच की.

रेघ मी मारली. रोज मारते. मुलाच्या दाखल्याला बापाची जात लागते, आजोबा-पणजोबाची लागते, गावच्या जन्ममृत्यूच्या कोतवाल बुकाची नक्कल लागते. आईचं काही लागत नाही. इतकी वर्षं अर्जांवर रेघा ओढून ओढून स्वतःच्या पोरीच्या रक्तावर पण ओढली. आणि "आईकडे कोणाला मधुमेह: नाही" हे तर धडधडीत खोटं. मला माहीत कुठे आहे? अकरा वर्षांत त्या घराचा उंबरा बघितला नाही.

रांगेतल्या एका बाईला तिच्या पोराचा अर्ज परत दिला. म्हटलं, आईचा पण तपशील आणा. ती म्हणाली, "काऊन? कोनालेच त लागत नाई." खरंच नाही लागत. माफी मागून परत घेतला.

२७ एप्रिल, रविवार

डॉ. बाईंना माझ्या आईचं किंवा भावाचं रक्त हवंय. आणि माहेरची माहिती, कोणाला काय झालं होतं. जमलं तर. जबरदस्ती नाही.

सं.शी भांडण. मोठं.

"आता त्यायच्या दारात जाशीन? रक्त मांगाले?"

"यशूसाठी."

"यशूसाठी का तुह्यासाठी? कोनाकडून आलं हे शोधून काय करतं? त्यायचं निघालं त तू रडशीन. आमचं निघालं त ते हसतीन."

मी म्हटलं, हसू दे. तो म्हणाला, "तुले सोपं हाय." मला सोपं? मी वरणाची वाटी आपटली. फुटली नाही, स्टीलची.

खरं सांगायचं तर त्याचं निम्मं बरोबर आहे. मला कोणीतरी दोषी हवंय. आधी मनातल्या मनात याच्या घराकडे बघत होते, कधी बोलले नाही. आता माझ्याकडे वळलंय तर मी आणखी मागे ढकलायला निघालेय. स्वतःचीच लाज वाटते.

मामाजी ओसरीवरून म्हणाले, "माह्या लोकायचं रक्त तपासलं. आता तुह्या लोकायचं होऊ दे. बराबरी झाली पायजे." आणि पेपर वाचू लागले. सं.ला पण हसू आलं. तेवढ्यापुरतं.

१ मे, गुरुवार

सुट्टी. एकटीच गेले. वर्धा, आर्वी, कारंजा. ऊन असं की बसच्या खिडकीचा दांडा धरवेना.

दादाचं हायवेला टायरचं दुकान आहे, मागे घर. तोच समोर. केस पिकलेत. ओळखलं, उठला नाही.

"अकरा वर्षानं आली. काय काम काढलं?"

सांगितलं. उभ्या उभ्या, जमेल तसं. पहारेकरी, संच, आईकडचा अर्धा. सांगता सांगता मलाच कळेनासं झालं. तो ऐकत होता, टायरवर हात ठेवून.

"म्हंजे आमच्या घरात बिमारी हाय असं लिहून देऊ? माह्या पोरीसाठी पाहुणे येऊन राह्यले."

"नाव नाही येत कुठे. नुसता नंबर असतो."

"गावात नंबर नाई चालत."

त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. दोन मुली असलेली मी, तो एका मुलीचा बाप. त्याच्या जागी मी काय केलं असतं?

आई आतल्या दारात उभी होती. किती बारीक झालीय. तिने माठातलं पाणी दिलं, मी प्यायले, निघाले.

स्टँडवर बसची वाट बघत होते तर आई आली. डोक्यावर पदर, पायात वहिनीची चप्पल. बाकावर बसली. मितूचं पहिलं काय दिसलं होतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, तहान. सारखं पाणी, सारखी लघवी, वजन उतरलं.

आई बोलली, माझ्याकडे न बघता. जसं बोलली तसं लिहून ठेवते.

"माही लहान बहीण होती, मंदा. सात वर्साची. मी दहाची. ते बी अशीच सुकत गेली. मोरीत मुंग्या लागे. घरचे म्हने, जितकं पेते तितकं मुतते, पानी बंद करा. मले राखनीले बसवलं. बाई, पानी दे, बाई, पानी दे, असं म्हने ते. मी नाई देल्लं. मोठ्यायनं सांगतलं होतं. तिसऱ्या दिवशी गेली."

मंदामावशीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. सदतीस वर्षांत पहिल्यांदा.

बस लागली. आईने विचारलं, "तो डाक्तर कुठसा बसते?"

६ मे, मंगळवार

आई आली. एकटी, दोन बस करून, वर्ध्याला. दादाला सांगितलं, नातेवाइकाकडे चाललेय. खोटं तर नाही.

रक्त दिलं. सुईकडे बघत राहिली, डोळे मिटले नाहीत. डॉ. बाईंनी मंदामावशीचं सगळं लिहून घेतलं. वय, दिवस, मुंग्या. म्हणाल्या, टाइप वनच असावा, पण आता खात्रीने सांगता येणार नाही. आईने विचारलं, "बाई, हे माह्यातून गेलं का पोट्टीले?" डॉ. बाई म्हणाल्या, संच गेला असेल. पण तो तुमच्यात आहे आणि तुम्हाला आजार नाही. तुमच्या मुलीत आहे, तिलाही नाही. नुसता संच म्हणजे आजार नव्हे.

आईला ते पटलं नाही. बाहेर येऊन मला म्हणाली, "मंग मंदालेच काऊन?" हाच प्रश्न मी दोन वर्षं विचारतेय. मितूलाच का. विचारणारी मी एकटी नव्हते. माझ्याआधी पन्नास वर्षं आई विचारत होती, मनातल्या मनात. मी म्हटलं, "आई, तू दहा वर्षांची होतीस. पाणी दिलं असतंस तरी ती गेली असती." हे खरं आहे. इन्सुलिनशिवाय गेलीच असती. पण तहानलेली गेली नसती. हे मी बोलले नाही. आईला माहीत आहे.

दोघी मुली बाहेर बसल्या होत्या, सं.सोबत. सं. आला होता. मला न सांगता सुट्टी टाकून. आईच्या पाया पडला. आईने हात उचलला, अर्धा, मग पूर्ण त्याच्या डोक्यावर ठेवला. य.ने विचारलं, "हे कोन व्हय?" मि. म्हणाली, "आईची आई. पाया पड." आईने दोघींची तोंडं हाताने चाचपून पाहिली.

जाताना माझ्या कानात, "लहानीनं पानी मांगतलं त देजो. कोनी काही बी म्हनू दे."

१३ मे, मंगळवार

डॉ. बाई: जीन्सचं काम आता सावकाश चालू द्या. तुमच्या आईचा नमुना आला, असे आणखी पुष्कळ आले तर कधीतरी तुमच्याकडच्यांचाही तक्ता होईल. यशूपुरतं दुसरं करता येतं. अँटिबॉडीची तपासणी. पहारेकऱ्यांनी घरात हल्ला सुरू केलाय का, ते आजार दिसायच्या आधी रक्तात दिसतं.

मी: म्हणजे आता अंदाज नाही?

त्या: आहेच. काही नसलं तरी पुढे येऊ शकतं. एखादी अँटिबॉडी असली तरी आजार होईलच असं नाही. दोन-तीन असल्या तर मग बहुधा.

आणि असल्या तर थांबवता येतं का? म्हणाल्या, उशीर करणारं औषध निघालंय, आपल्याकडे मिळणं अवघड. पण आधी कळलं तर मूल बेशुद्ध होऊन दवाखान्यात यायची वेळ येत नाही. मितू तशीच आली होती.

संमतीचा फॉर्म. आई आणि वडील, दोघांच्या सह्या. निदान इथे आईचा रकाना आहे. मी केली.

१५ मे, गुरुवार

सं. सही करत नाही.

"खेळून राह्यली ना ते? खेळू दे. आज कळलं त उद्यापासून बिमार म्हणूनच पाहशीन तिच्याकडं."

मी म्हटलं, आत्ताही तसंच बघते.

"मले नाई पाहाचं तसं."

काय करावं कळत नाही. त्याचं ऐकलं की पटतं. डॉ. बाईंचं ऐकलं की तेही पटतं. मामाजींना विचारलं, ते म्हणाले, "मी हेडमास्तर व्हतो, देव नाई." म्हणजे त्यांनाही कळत नाही. हे ऐकून उलट बरं वाटलं.

१७ मे, शनिवार

सोमवारी सकाळी दहाची वेळ घेऊन ठेवलीय. फॉर्म टीव्हीखालच्या टेबलावर, चार दिवसांपासून. माझी सही आहे, त्याच्या जागी ठिपके.

दुपारी बाहेर चटके बसणारं ऊन, कूलर नुसता गरम वारा फेकत होता. सं. ड्यूटीवरून येऊन फरशीवर आडवा पडलेला, डोळ्यांवर गमछा. मला वाटलं झोपलाय. मि. अभ्यासाला. य. भिंतीवर खडूने कोंबडी काढत होती. "आई, पानी."

ग्लास भरून दिला. घटाघटा प्यायली, रिकामा ग्लास माझ्या हातात देऊन परत कोंबडीकडे. या उन्हात कोण पीत नाही? मीही पितेय, मि. पितेय, मामाजी तर तांब्याच तोंडाला लावतात. मी ग्लास विसळून पालथा घातला.

गमछ्याखालून सं. म्हणाला, "जेवल्यापासून चौथा."